टायरच्या वहाणा

"बूट काढ," लवनेस म्हणाली.

"अगं, गमबूट आहेत. आत चिखल असला तर?"

"चिखल असो नाहीतर काटे असोत. मोजेही काढ."

मी वाकून बूट काढले. समोर चर्चची इमारत नव्हती. उघड्या माळावर चुना फासलेल्या दगडांचं एक मोठं वर्तुळ होतं, एवढंच. दगडांच्या बाहेर चपला-सँडलांची लांबच लांब रांग लागली होती आणि आत पांढरे पायघोळ झगे घातलेली तीनशे माणसं भर उन्हात बसली होती. पुरुष एका बाजूला, डोकी तासलेली, दाढ्या राखलेल्या. बाया दुसऱ्या बाजूला, डोक्याला पांढरे रुमाल. छप्पर नाही, क्रूस नाही, कुणाच्या हातात पुस्तक नाही. मधूनच एखादी बाई गायला लागायची आणि बाकीचे खालच्या सुरात तिला उचलून धरायचे.

"यांना न्येन्येद्झीची मंडळी म्हणतात," लवनेसनं हळूच सांगितलं. "न्येन्येद्झी म्हणजे तारा. जिथे देव उतरतो तिथे पायात काही घालायचं नाही."

"आणि औषध?"

"औषध कुठेच घ्यायचं नाही."

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून एका मदत संस्थेबरोबर झिम्बाब्वेत गेले होते. पूर्वेकडच्या न्यारुवे नदीच्या खोऱ्यात कॉलरा पसरला होता आणि वाड्यावाड्यांतलं पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. लवनेस तिथल्या सरकारी दवाखान्याची नर्स आणि माझी दुभाषी. आमच्याकडे जसं नर्सबाईला सिस्टर म्हणतात, तसं तिथेही सगळे तिला सिस्टर लवनेस म्हणत. ती याच मंडळीत जन्मली होती आणि नर्सिंगला जाण्यासाठी मंडळी सोडून गेली होती, हे मला तिनं नाही, दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं.

मी तिथे गेले होते एका आकड्यासाठी. आजूबाजूच्या वाड्यांत दर दहा माणसांत एक माणूस आजारी पडला होता. या मंडळीत तीनशे माणसांत दोन. फक्त दोन. तेही बरे झाले होते.

आमच्या कॉलरा-उपचाराच्या तंबूचे प्रमुख डॉ. हेनिंग यांच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. "लपवताहेत," ते म्हणाले होते. "आजाऱ्यांना घरात कोंडतात, मेलेल्यांना गुपचूप पुरतात. मी अशा संदेष्ट्यांच्या मंडळ्या तीन देशांत बघितल्यात, हर्षा. मूल डोळ्यांदेखत वाळून जाईल, पण चमचाभर मीठ-साखरेचं पाणी द्यायचे नाहीत." हेनिंग वाईट माणूस नव्हते. दिवसाला चार तास झोपून शंभर रुग्ण बघणारा माणूस होता तो. आणि त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं, निम्मंअधिक.

प्रार्थना संपल्यावर लवनेसनं मला मंडळीच्या संदेष्टीकडे, देवदूताचे निरोप सांगणाऱ्या बाईकडे नेलं. सत्तरीची, काटकुळी बाई. वर्तुळाबाहेर येऊन ती टायरच्या रबराच्या वहाणा पायात अडकवत होती. तिकडे मोटारीच्या जुन्या टायरातून वहाणा कापतात. एक जोड दहा-दहा वर्षं टिकतो. सगळे तिला आम्बुया म्हणत. आम्बुया म्हणजे आजी. नाव सेकेसाई.

"सेकेसाई म्हणजे 'हसा,'" तिनंच सांगितलं. लवनेस भाषांतर करत होती. "माझ्या आईच्या पाच मुली झाल्या तेव्हा शेजारणी हसत होत्या. सहावी मी. आई म्हणाली, हसा आता मनसोक्त, नावच ठेवते. तू बूट आपणहून काढलेस की सांगावं लागलं?"

"सांगावं लागलं," मी म्हटलं.

ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "खरं बोलतेस. बरंय."

का कोण जाणे, मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. हातात चिपळ्या, मागे मृदंग, गळ्यात उपरणं. मिशनच्या साहेबाला ते पसंत पडेना. चिपळ्या चर्चमध्ये नकोत म्हणाला, आणि अनवाणी उभं राहून देवाचं नाव घेणं रानटीपणाचं दिसतं, बूट घाला म्हणाला. नुसता म्हणून थांबला नाही, बुटांचा एक नवा कोरा जोड घेऊन स्वतः घरी आला. आजोबांनी ते बूट हात जोडून घेतले, घराच्या लाकडी मेढीला टांगले आणि कीर्तन चर्चच्या बाहेर कडुलिंबाखाली नेलं. म्हणायचे, 'बायबलात देव म्हणतो वहाणा काढ, साहेब म्हणतो बूट घाल. आता मी कुणाचं ऐकू?'

लवनेस भाषांतर करता करता हसायला लागली. आम्बुया तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं माझा हात आपल्या खरखरीत हातात घेतला.

"म्हणजे तू बाहेरची नाहीस. तुमच्या म्हाताऱ्याला लिंबाखाली घातलं, आम्हाला माळावर. एकूण एकच."

माळाला लागूनच असलेल्या तिच्या अंगणात निळ्या प्लास्टिकची तीन पिंपं होती. रोज सकाळी बाया विहिरीचं पाणी आणून त्यांत ओतत. आम्बुया त्यावर प्रार्थना करी, नदीतले पाच गोटे आत सोडी आणि लिंबोणीची पानं टाकी. तासाभरानं प्रत्येक घर दोन डबे घेऊन जाई. देवदूतानं तिला सांगितलं होतं की या आजाराच्या दिवसांत मंडळीतल्या माणसानं याखेरीज दुसरं पाणी तोंडाला लावायचं नाही. पिंपांवर घट्ट बांधलेलं फडकं. पाणी काढायला लांब दांड्याचा भोपळ्याचा डाव. आत हात घालायचा नाही, हीही देवदूताची आज्ञा.

"या पाण्याचा नमुना घेऊ का?" मी विचारलं.

"विहिरीचा घे."

"विहिरीचा घेतलाय. याचा हवाय."

आम्बुया लवनेसकडे बघून काहीतरी भरभर बोलली. लवनेसनं उत्तर दिलं.

"ती म्हणते, गुरुवारी ये," लवनेस म्हणाली. "एकटी ये. तिच्या ओसरीवर बसून तपास. मंडळीसमोर नको."

गुरुवारी मला नदीपलीकडच्या वाड्यांत जायचं होतं. मी तसं सांगितलं. आम्बुयानं खांदे उडवले आणि माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या.

विहिरीच्या नमुन्याचा निकाल दुसऱ्या दिवशी हातात आला. विष्ठेतले जंतू इतके की ताटलीवर मोजता येईनात. तेच पाणी त्या पिंपांत जात होतं.

"बघ," हेनिंग म्हणाले. "असलं पाणी पिऊन तीनशेत दोन? मंतरलेल्या गोट्यांनी?"

"मी तपासते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर तपासते. पाणी किती वाईट आहे ते त्यांना डोळ्यांनी दिसलं तर पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या घ्यायला तयार होतील."

माझा एक प्रयोग होता. अकरा वाड्यांत केलेला. काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या. एकीत आमच्या टाकीचं पाणी, दुसरीत त्या वाडीतलं. दोन्हींत तपासणीची एकेक छोटी गोळी टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, नसेल तर तसंच राहतं. गुलाबी म्हणजे सुरक्षित. पोरं टाळ्या वाजवायची, म्हाताऱ्या पुढे सरसावून बघायच्या आणि आमच्या क्लोरीनच्या गोळ्यांची पाकिटं पटापट संपायची.

शनिवार हा त्यांचा प्रार्थनेचा दिवस. मंडळीचे प्रमुख एनोस नावाचे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, उंच, हातात गुराख्याची काठी. मी लवनेसला त्यांच्याकडे पाठवलं. ती जाताना म्हणाली, "हर्षा, नमुना बाटलीत भर आणि तळावर नेऊन तपास. लोकांसमोर कशाला?"

"घाबरतेस तू त्यांना."

"हो," ती म्हणाली. "घाबरते."

एनोस मात्र लगेच तयार झाले. "दाखवू दे. देवाच्या पाण्याला भीती कसली?"

आम्बुया तेव्हा बायांच्या पहिल्या ओळीत बसली होती. तिनं मान हलवली. नको. मला दिसलं ते. मी त्याचा अर्थ लावला की तिला आपलं पाणी उघडं पडायची भीती वाटतेय. अर्थ बरोबर होता. कशाची भीती, एवढंच कळलं नव्हतं.

मी अनवाणी वर्तुळात उभी राहिले. जमीन चटके देत होती. एक नळी टाकीच्या पाण्याची, एक पिंपाच्या. लवनेस माझ्या एकेका वाक्याचं भाषांतर करत होती. गोळ्या टाकल्या, बुचं लावली, नळ्या उलटसुलट केल्या आणि उन्हात वर धरल्या.

दोन्ही गुलाबी झाल्या.

पिंपाची तर जास्तच. सणासुदीच्या सरबतासारखी, लख्ख. माझ्याजवळच्या रंगपट्टीवर अर्धा आकडा, म्हणजे पाठ्यपुस्तकात असतं तसं अचूक प्रमाण. क्षणभर मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. चिठ्ठी बघितली. झाली नव्हती.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. एनोस पुढे आले. त्यांनी नळी हातात घेतली नाही, वाकून बघितली.

"हा रंग कसला? पाणी चांगलं की वाईट?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तीनशेत दोन! उत्तर मिळालं होतं. कुणी काही लपवत नव्हतं, हेनिंग चुकले होते, गोट्यांनी काही होत नव्हतं, आणि आकडा जुळत होता. मी लवनेसला म्हटलं, "त्यांना सांग, पाणी सुरक्षित आहे, कारण त्यात औषध आहे. कुणीतरी रोज नीट मोजून टाकतंय."

लवनेसनं एनोसकडे बघून एकच छोटं वाक्य म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. मागच्या ओळीतून कुणीतरी देवाचा जयजयकार केला.

माझी शोना भाषा चाळीस शब्दांची होती. पाणी, विहीर, जुलाब, मूल, औषध. त्यांतला शेवटचा शब्द लवनेसच्या वाक्यात नव्हता.

"तू औषधाचं सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"सांगितलं. पाणी चांगलं आहे, असं मी म्हणाले."

"ते अर्धंच झालं, लवनेस."

"पुरे आहे तेवढं," ती इंग्रजीत, दातांत म्हणाली. "हर्षा, चल. ऊन फार आहे."

मी एनोसकडे वळले. आपल्याला त्यांच्या भाषेत पुरं वाक्य जुळवता येतं याचा मला कोण अभिमान वाटला त्या क्षणी!

"मुम्वुरा मुने मुशोंगा," मी म्हणाले. पाण्यात औषध आहे.

आधी कुणालाच ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग एका बाईनं तोंडाजवळ नेलेला डबा खाली ठेवला.

एनोस लवनेसकडे वळले. लवनेस पायांकडे बघत होती. तेवढ्यात आम्बुया उठली. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश.

"तिला कशाला विचारता? मी टाकते," ती म्हणाली. लवनेस भाषांतर करत नव्हती, हे सगळं मी नंतर तिच्याकडून ऐकलं. "आजार आला तेव्हापासून दर सकाळी टाकते. देवदूतानं सांगितलं, पाणी झाक, हात घालू देऊ नको, आणि त्या दवाखान्यातल्या पोरीकडून पांढऱ्या गोळ्या आण."

"देवदूत दवाखान्यात जात नाही, आम्बुया."

"तुला विचारून जातो का तो?"

दोघीतिघी सवयीनं हसल्या आणि हसता हसता थांबल्या. एनोस नाही हसले. ते ओरडलेही नाहीत. त्यांचा आवाज इतका खाली गेला की लोक पुढे झुकले.

"माझी आई मळ्यावर कामाला होती. एक दिवस मळेवाल्याच्या दवाखान्यात सगळ्या बायांना रांगेत उभं केलं आणि सुया टोचल्या. कशाच्या, ते कुणी सांगितलं नाही. माझ्यानंतर तिला मूल झालं नाही. ती मरेपर्यंत विचारत राहिली, माझ्या अंगात काय घातलं? आम्ही इथे का आलो, आम्बुया? कुणी न विचारता आमच्या अंगात काही घालू नये म्हणून. त्यांनी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस."

आम्बुयानं मान खाली घातली.

चार माणसांनी तिन्ही पिंपं उचलली आणि अंगणात आडवी केली. आदळआपट नाही, शिव्या नाहीत. साडेचारशे लिटर पाणी तांबड्या मातीत जिरायला किती कमी वेळ लागतो! आत राहिलेले गोटे एनोसनी एकेक करून वेचले आणि झग्याच्या खिशात ठेवले.

आम्बुया वर्तुळाबाहेर आली, रांगेतल्या आपल्या वहाणा शोधून तिनं पायात घातल्या. माझ्याजवळून जाताना थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "गुरुवारी ये."

परतताना जीपमध्ये लवनेसनं विचारलं, "मी सांगितलं ते खोटं होतं का?"

"अपुरं होतं."

"अपुरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मंडळी त्या दिवसापासून नदीचं पाणी प्यायला लागली. वाहतं पाणी, माणसाचा हात न लागलेलं. मंगळवारी पहिला माणूस पडला. गुरुवारपर्यंत एकोणीस. आम्ही गोळ्या घेऊन गेलो, मीठ-साखरेची पाकिटं घेऊन गेलो. दारं लागली. हेनिंग स्वतः आले आणि एका बंद दारासमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

आम्बुया घरोघर फिरत होती. तंबूत जा, देवदूत म्हणतो तंबूत जा. चार दिवसांपूर्वी तिच्या एका शब्दावर तीनशे माणसांनी विहीर सोडली असती. आता बाया दाराआडून म्हणत, "हा देवदूत बोलतोय आम्बुया, की दवाखाना?" एका घरात तिची सख्खी सून तापल्या भुईवर पडून होती. तिनंही दार उघडलं नाही. ती गुरुवारी दुपारी गेली.

माझ्या डोक्यात त्या दिवसांत एक हिशोब सारखा चाले. गोळ्या पुन्हा टाकता येतील, पिंपं पुन्हा भरता येतील, त्यात काही अवघड नाही. पण या माणसांना 'जा' म्हटलं की जायला लावणारा आवाज या खोऱ्यात एकच होता, आणि तो मी बंद केला होता.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्बुया आमच्या तंबूच्या वाटेनं येताना दिसली. दोघी बायांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं. डोळे खोल गेलेले, कातडी बोटांवर सुरकुतलेली. दुरून बघितल्यावरही मला कळलं. तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर, चढावर पांढरे झगे उभे होते. मंडळीतून काढलेली संदेष्टी कुठे जाते ते बघायला आले होते लोक. काहींनी हातगाड्यांवर आजारी माणसं आणली होती, पण ती तिथेच, वरच ठेवली होती.

तंबूभोवती केशरी दोरी बांधलेली होती. दोरीला एकच फट, आणि फटीत क्लोरीनच्या पाण्याचं पसरट तसराळं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात पाय बुडवायचे. त्या फटीवर त्या दिवशी माझी पाळी होती.

आम्बुया दोरीपाशी आली आणि थांबली. तिनं त्या दोघींना बाजूला केलं. तोल सावरत वाकली. आधी डावी, मग उजवी, तिनं टायरच्या वहाणा काढल्या आणि दोरीच्या बाहेर एकमेकींना लावून ठेवल्या. वेळ लागला तिला. मध्ये एकदा ती खाली बसली.

"आम्बुया, वहाणा घाला!" मी धावले. "आत सगळीकडे घाण आहे. तसराळ्यातल्या पाण्यानं पाय भाजतील!"

तिनं ऐकलं नाही, की तिला समजलं नाही, कोण जाणे. मी मागे पळाले, कपाटातून लहान मापाचा एक गमबुटांचा जोड काढला आणि तिच्यासमोर धरला. "हे घाला. घाला हे, आम्बुया."

तिनं त्या बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. फार वेळ बघत राहिली, जणू मला काहीतरी आठवेल म्हणून थांबलीय. मग तिचा चेहरा हलला. आवाज फुटायची ताकद नव्हती, पण ती हसत होती. पहिल्या दिवशीसारखी, डोळ्यांच्या कडांपर्यंत.

बूट तसेच माझ्या हातात राहिले. तिनं झग्याचा घोळ उचलला आणि अनवाणी पाऊल त्या पाण्यात टाकलं.

"बूट खाली ठेव, हर्षा," लवनेस माझ्या मागून म्हणाली. "तिकडे बघ."

चढावर एक बाई वाकली होती. ती सँडलचे पट्टे सोडत होती. तिच्या शेजारची वाकली. मग एक म्हातारा. मग हातगाडी धरलेला एक बाप, त्यानं आधी स्वतःचे बूट काढले आणि मग गाडीत पडलेल्या पोराचे. ते सगळे अनवाणी खाली यायला लागले. दोरीपाशी आले की चपला आम्बुयाच्या वहाणांशेजारी मांडत, एका रांगेत, आणि आत शिरत.

त्या दिवशी सव्वीस माणसं आत आली. त्यांतली चोवीस चालत घरी गेली. आम्बुया दुसऱ्या दिवशी दुपारी वारली. तीन दिवस ती आजाऱ्यांच्या दारोदार हिंडत होती, आणि तिच्या शिरा इतक्या आत गेल्या होत्या की हेनिंगना सुई लावायला अर्धा तास लागला. मी उशाशी बसले होते. मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि माझ्याजवळ चाळीस शब्द होते. पाणी, विहीर, जुलाब, मूल, औषध.

संध्याकाळी एनोस दोरीपाशी येऊन उभे राहिले. अनवाणी.

"त्यांच्या वहाणा," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे गेलेल्या रुग्णाच्या वस्तू जाळायच्या होत्या. मी त्या वहाणा क्लोरीनमध्ये बुडवल्या, निथळवल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या दोन्ही हातांवर घेतल्या, एखादं तान्हं मूल घ्यावं तशा. पुढच्या शनिवारी माळावरच्या रांगेत त्या पहिल्या होत्या, असं लवनेसनं मला सांगितलं. मी गेले नाही. लवनेसची त्याच महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. दवाखान्यातल्या गोळ्या परस्पर दिल्याबद्दल.

वर्षअखेरीस संस्थेचा अहवाल निघाला. न्यारुवे खोऱ्याबद्दल त्यात चार ओळी होत्या. एका संदेष्टी पंथानं अंधश्रद्धेपोटी उपचार नाकारल्यामुळे चौदा मृत्यू झाले, असं लिहिलं होतं. आभाराच्या यादीत माझं नाव होतं. आम्बुया सेकेसाईचं नाव कुठेच नव्हतं. फक्त तिच्या रुग्णपत्राची प्रत माझ्याजवळ राहिली, अजून आहे. त्यात पादत्राणांचा एक रकाना आहे. तिथे माझ्या अक्षरात लिहिलंय: 'नाहीत. देऊ केली, नाकारली.'

गावच्या घरी आजोबांचे ते बूट अजून मेढीला टांगलेले आहेत. कातडं तडकलंय, नाड्या कुजून गेल्यात, पण तळ अगदी नवा आहे. गेल्या उन्हाळ्यात साफसफाई करताना आई म्हणाली, "उगाच धूळ खातायत. टाकून देऊ का गं हे?"

"राहू देत," मी म्हटलं. "साहेबानं चांगल्या मनानं आणले होते."